चहाचें झुडूप : छाटणी व खुडणी

आपल्या घरीं दिवसांतून दोनदां तरी चहाचें आधण चुलीवर चढतें. परंतु ज्या झुडपाच्या पानांपासून हें पेय होतें, त्याची शेती कशी चालते हें आपल्याकडील फार थोड्या शेतकऱ्यांनीं पाहिलें आहे. दाणा, फळ, कंद किंवा कांडें हें ज्यांचें उत्पन्न, अशा पिकांची आपणांस संवय आहे. चहाचें पीक ह्याहून निराळें. येथें झाडाचें कोंवळें पान हेंच पीक. आणि पान म्हणजे तर झाडाची चूल. त्याच चुलीवर झाड आपलें अन्न शिजवितें. म्हणजे चहा पिकविणारा शेतकरी दर आठवड्यास आपल्या झाडाची चूल थोडीथोडी मोडून नेतो, आणि तरी त्या झाडानें पन्नास–साठ वर्षें संसार चालवावा अशी अपेक्षा करितो. ही अपेक्षा पुरी होते ती एकाच गोष्टीमुळें. काय तोडावयाचें ह्याइतकाच काय ठेवावयाचें ह्याचा हिशेब तो राखतो. हा हिशेब कसा असतो, तें आसाम व निलगिरी येथील वहिवाटीवरून ह्या लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

झाडाची जात व पूर्वपीठिका

चहाच्या मुख्य जाती दोन. चिनी जातीचीं पानें लहान. झुडूप ठेंगणें व थंडी सोसणारें. आसामी जातीचीं पानें मोठीं. आणि तिला छाटलें नाहीं तर तीस ते पन्नास फूट उंचीचा वृक्ष होतो. आसामच्या रानांत हा वृक्ष पूर्वींपासून होता व तेथील सिंगफो लोक त्याच्या पानांचा उपयोग करीत असत. १८२३ सालीं रॉबर्ट ब्रूस ह्यास त्या लोकांकडून ह्या झाडाची माहिती मिळाली, आणि १८३९ च्या जानेवारींत आसामी चहाचा पहिला लिलांव लंडन शहरीं झाला. दार्जिलिंग येथें डॉ. कॅम्पबेल ह्यांनीं १८४१ सालीं चहा लावून पाहिला. पुढें १९११ सालीं जोरहाट येथें टोकलाईचें प्रयोगकेंद्र निघालें, आणि छाटणी–खुडणीचे जे नियम पूर्वीं केवळ अंदाजानें पाळले जात त्यांची तेथें पद्धतशीर परीक्षा होऊं लागली.

चहा म्हणजे कंपन्यांचे विस्तीर्ण मळे, अशी आपली समजूत असते. ती आतां पुरी खरी नाहीं. आज भारतांत होणाऱ्या चहापैकीं निम्म्याहून अधिक चहा लहान शेतकऱ्यांच्या पानापासून तयार होतो. २५ एकरांपर्यंत (१०.१२ हेक्टर) चहा असणारास चहा मंडळ लहान बागायतदार समजतें, पुष्कळांपाशीं तर एक–दोन एकरच असतात. म्हणून ही गोष्ट आपल्यासारख्या खातेदार शेतकऱ्यांच्या विचारास योग्य आहे.

जमीन, पाऊस व आपला सह्याद्रि

चहास आम्ल जमीन लागते. मातीचा सामू ४.५ ते ५.५ असावा. चुनखडीच्या व काळ्या जमिनींत हें झाड पिवळें पडून मरतें. मुळांपाशीं पाणी सांचलें तरी तोच परिणाम होतो. म्हणून आसामच्या सपाट भूमींत खोल चर खणून निचरा करितात, आणि निलगिरींत उतारावर समपातळीच्या ओळींनीं लागवड करितात. पाऊस वर्षास निदान ५० ते ६० इंच पाहिजे. परंतु किती पडतो ह्याहून तो किती महिन्यांत वांटून पडतो हें अधिक महत्त्वाचें.

येथें घाटमाथ्यावर जमीन असलेला वाचक साहजिकच विचारील, की महाबळेश्वराकडे तर ह्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, माती तांबडी व आम्ल आहे, मग आम्ही चहा कां लावूं नये ? ह्याचें उत्तर पावसाच्या वांटणींत आहे. आसामांत मार्च–एप्रिलपासूनच वळवाच्या सरी सुरू होतात व झाड हिंवाळ्याच्या झोपेंतून उठतांच त्यास ओल मिळते. निलगिरींत नैऋत्येचा व ईशान्येचा असा दोन्ही मोसमांचा पाऊस पोंचतो. आपल्या सह्याद्रीवर मात्र बहुतेक सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढें ऐन उन्हाळ्यांत, म्हणजे झाडास पालवी फोडावयाची त्या वेळीं, जमीन कोरडी ठण्ण असते. हौसेखातर चार झुडपें परसांत जगवितां येतील. परंतु त्यांवर पोट भरण्याची आशा धरून भांडवल घालावें असें आम्ही कोणासही सांगणार नाहीं. ह्या पिकापासून आपण घ्यावयाचें तें रोप नव्हे, तर शिक्षण.

लागवड व पहिलीं वर्षें

पूर्वीं बियांपासून रोपें करीत. आतां चांगल्या मातृवृक्षाच्या फांदीचा एक पान व एक डोळा असलेला लहान तुकडा घेऊन तो आम्ल मातीच्या पिशवींत लावितात. सावलींत व ओलींत ठेवल्यास त्यास मुळें फुटतात, आणि रोप वर्षाचें किंवा त्याहून थोडें अधिक वयाचें झालें म्हणजे शेतांत नेतात. साडेतीन फूट व दोन फूट अंतरावर लागवड केली तर एकरीं सुमारें ६,२०० झुडपें बसतात. सावलीकरितां आसामांत शिरीषाच्या जातीचीं झाडें, तर निलगिरींत सिल्व्हर ओक लावण्याची चाल आहे. सावली विरळ असावी. दाट सावलींत झुडूप पालवी कमी धरितें.

रोप रुजलें म्हणजे तें सरळ वर धांवूं लागतें. येथेंच त्यास पहिला धडा द्यावयाचा असतो. मधला शेंडा कापून टाकिला म्हणजे खालचे डोळे जागे होतात व बाजूच्या फांद्या फुटतात. ह्या फांद्या वाढल्या म्हणजे त्यांस पुन्हां छाटून झुडपाचा सांगाडा वाटीसारखा पसरट करितात. पहिलीं दोन–तीन वर्षें हेंच मुख्य काम. ह्या मुदतींत पीक घेण्याचा मोह ज्यास आवरत नाहीं, त्याच्या झुडपाचा सांगाडा अरुंद राहतो. आणि अरुंद सांगाड्यावर पुढें पालवीस जागाच नसते. गोऱ्ह्यास वेळेपूर्वीं औतास जुंपला तर तो जन्माचा खुरटतो, तसेंच हें आहे.

छाटणी कशासाठीं

झुडूप मोठें झाल्यावर त्याचा माथा सपाट राखितात. मळ्यांत ह्यास टेबल म्हणतात. ह्या माथ्यावरून वर्षभर पालवी खुडली जाते. परंतु प्रत्येक खुडणीबरोबर माथा थोडाथोडा उंच चढतो. दोन–तीन वर्षांत तो खुडणाऱ्या बाईच्या कमरेवरून छातीपर्यंत येतो. बारीक काड्यांस गांठी पडतात. आणि त्या गांठींतून येणारे कोंब दोन पानें टाकून निजून राहतात. अशा निजलेल्या कोंबास मळेवाले 'बांझी' म्हणतात. नांवावरूनच अर्थ कळतो. माथ्यावर बांझी वाढूं लागली म्हणजे झुडूप म्हातारें झालें असें नव्हे, तर त्याचें वरचें लांकूड म्हातारें झालें असें समजावें. तें काढून टाकून नवें लांकूड आणणें हाच छाटणीचा हेतु होय.

छाटणीचे प्रकार खोलीवरून ठरतात. मागील छाटाच्या इंच–दोन इंच वर कापणें ही हलकी छाटणी. सांगाड्यांत गांठी व मेलेलें लांकूड फार झालें तर अधिक खालीं, दीड ते दोन फुटांवर कापावें लागतें. आणि झुडूप अगदींच बिघडलें असल्यास जमिनीपासून फूटभरावर करवतीनें कापून त्याचा नवा जन्म करितात. आसामांत एका वर्षीं हलकी छाटणी करून पुढील दोन–तीन वर्षें केवळ माथा कमीअधिक खोल तासतात, व मग पुन्हां छाटणी, असा तीन–चार वर्षांचा फेरा ठेवितात. निलगिरींत हा फेरा चार–पांच वर्षांचा, व उंच थंड भागांत ह्याहूनही लांब असतो.

छाटणीच्या वर्षीं पीक कमी येतें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. लहान शेतकरी छाटणी टाळतो ती ह्याच भयानें. ह्यावर साधा उपाय असा, की चार एकर चहा असल्यास त्याचे चार भाग करावे व दर वर्षीं एकच भाग छाटावा. म्हणजे तीन भागांवर घर चालतें व चार वर्षांत सर्व मळा नवा होतो. जो सर्व मळा एकदम छाटतो तो वर्षभर उपाशी राहतो. जो कधींच छाटीत नाहीं त्याचा मळा दहा वर्षांत उपाशी राहतो.

मुळांतील शिलकेची परीक्षा

छाटलेल्या झुडपावर पान जवळजवळ उरत नाहीं. मग नवी पालवी फुटते ती कोणाच्या जिवावर ? तर मुळांत सांठविलेल्या पिष्टाच्या जिवावर. नवीं पानें पुरीं पिकून स्वतः अन्न करूं लागेपर्यंत झुडूप ह्या शिलकेवर जगतें. कोठारांत दाणा आहे कीं नाहीं हें न पाहतां जसें कोणी पाहुणे बोलावीत नाहीं, तसेंच मुळांत पिष्ट आहे कीं नाहीं हें न पाहतां छाटणी करूं नये.

ही परीक्षा सोपी आहे. शेतांतील चारदोन झुडपांचीं पेन्सिलीएवढ्या जाडीचीं मुळें खणून काढावीं, तीं कापून कापलेल्या तोंडावर आयोडीनचा पातळ द्रव लावावा. तोंड काळसर निळें झालें तर पिष्ट पुरेसें आहे. रंग फिका राहिला किंवा मुळीं आलाच नाहीं, तर खुडणी चार ते सहा आठवडे बंद ठेवून झुडपास विसांवा द्यावा व मग छाटावें. घाईच असेल तर कडेच्या एक–दोन फांद्या पानांसह राखाव्या. त्यांस मळ्यांतील लोक झुडपाचीं फुप्फुसें म्हणतात. नवी पालवी स्थिर झाली म्हणजे त्या काढाव्या.

काळहि ह्याच धोरणानें ठरतो. आसामांत दिवस लहान झाले म्हणजे झाड निजतें व शिल्लक मुळांत असते. म्हणून डिसेंबर–जानेवारी हा तेथील काळ. दक्षिणेंत एप्रिल–मे किंवा ऑगस्ट–सप्टेंबर हे महिने धरितात. जमीन कोरडी असतां छाटणी कोठेंही करूं नये.

छाट तिरपा व गुळगुळीत असावा, म्हणजे त्यावर पाणी राहत नाहीं. सालीच्या चिंधड्या करणारी बोथट सुरी मुळींच वापरूं नये. मोठ्या जखमांवर ताम्रयुक्त लेप द्यावा. उघडी पडलेली साल उन्हानें भाजते, म्हणून छाटलेल्या डहाळ्याच झुडपावर कांहीं दिवस पसरून ठेवाव्या व पुढें त्या तेथेंच जमिनीवर कुजूं द्याव्या. त्या सरपणाकरितां घरीं नेणें म्हणजे शेताचें खत चुलींत घालणें होय.

नवे कोंब वाढले म्हणजे एकदम खुडणीस लागूं नये. खालीं चार–पांच पानें राहतील अशा उंचीवर, मापाची काठी धरून, सर्व शेंडे एका पातळीवर खुडावे. उतारावर ही पातळी जमिनीशीं समांतर ठेवावी. हीं खालचीं राखलेलीं पानें म्हणजे पुढील तीन–चार वर्षांची चूल; त्यांस हात लावूं नये.

खुडणी

चहाची खुडणी म्हणजे 'दोन पानें व एक कोंब' हें सर्वांस ऐकून माहीत असतें. परंतु तो तुकडा कोठून तोडावा हें फार थोड्यांस कळतें. पानाच्या बगलेंतून नवा कोंब येतो तेव्हां प्रथम एक लहानसें, कडेस दांते नसलेलें पान उलगडतें. ह्यास आसामांत 'जनम' म्हणतात. त्यापुढें खरीं दांतेरी पानें येतात. जनमाच्या वर एक खरें पान राखून खुडणें ही हलकी खुडणी. जनमापर्यंत खुडणें ही कडक खुडणी. छाटणीनंतरच्या आरंभीच्या काळांत हलकी खुडणी करून पानांचा थर वाढवावा. पुढें थर पुरेसा झाला म्हणजे जनमापर्यंत यावें. जनमाच्या खालीं मात्र कधींही जाऊं नये. माथ्यावर दिसणारी बांझी त्याच फेऱ्यांत काढावी. कोंवळी असेल तर टोपलींत, निबर असेल तर मोडून जमिनीवर. ती ठेविली तर तेथें नवा कोंब यावयास उशीर लागतो.

दोन खुडणींतील अंतरास फेरा म्हणतात. भर हंगामांत आसामांत हा फेरा सुमारें सात दिवसांचा असतो. निलगिरींत सुगीच्या महिन्यांत साधारण तितकाच, व मंदीच्या काळांत बारा–पंधरा दिवसांचा होतो. फेरा लांबविला तर दोन पानांच्या जागीं चार पानें येतात व वजन भरतें. पण तीं खालचीं पानें निबर असतात व त्यांचा चहा हलका होतो. साडेचार किलो ओल्या पानापासून सुमारें एक किलो तयार चहा उतरतो. तेव्हां पान कसें होतें ह्याचा दोष किंवा गुण शेवटीं चहांत एकवटून दिसतो.

खुडलेलें पान जिवंत असतें. तें मुठींत आवळलें, पोत्यांत कोंबलें किंवा उन्हांत ठेविलें तर तापतें व लाल पडतें. कारखान्यांत जी क्रिया व्हावयाची ती वाटेंतच वेडीवांकडी होऊन जाते. म्हणून टोपली हवेशीर असावी, पान सावलींत सैल पसरावें आणि त्याच दिवशीं कारखान्यावर पोंचवावें. उंस तोडल्यावर पडून राहिला तर साखरेचा उतारा घटतो हें आपणांस ठाऊक आहे. चहाचें पान तर उंसाहूनही अधीर.

रोगाविषयीं एक सूचना

१९४६ सालीं दक्षिण हिंदुस्थानांत चहाच्या पानांवर फोड आणणारा बुरशीचा रोग आला. तो कोंवळ्या पानावरच पडतो, म्हणजे थेट पिकावरच. पावसाळ्यांत, धुक्यांत व दाट सावलींत तो बळावतो, आणि छाटणीनंतर नुकत्याच फुटलेल्या शेतास त्याचा फार उपद्रव होतो. सावली विरळ करणें व ताम्रयुक्त औषधाची वेळेवर फवारणी हे उपाय आहेत. परंतु चहाचें पान कारखान्यांत धुतलें जात नाहीं, हें प्रत्येकानें ध्यानांत ठेवावें. फवारणी व खुडणी ह्यांमधील ठरलेले दिवस जो पाळीत नाहीं, तो पिणाराच्या पेल्यांत औषध घालितो व आपल्या मालाचें नांव बुडवितो.

भाव उतरला म्हणजे

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. लहान शेतकऱ्यापाशीं स्वतःचा कारखाना नसतो. तो ओलें पान वजनावर विकतो. पानाचा भाव उतरला, मजूर मिळेनासे झाले, म्हणजे त्याचें मन असें सांगतें, की फेरा लांबवावा, हाताऐवजीं कात्री चालवावी व मिळेल तें सर्व पान पोत्यांत भरावें. त्या आठवड्यास वजन खरोखरच वाढतें. परंतु कात्री जनम ओळखीत नाहीं व राखावयाचें पानही ओळखीत नाहीं. पानांचा थर पातळ होतो; मुळांत शिल्लक सांठत नाहीं; पुढील छाटणीस झुडूप अशक्त ठरतें व कांहीं झुडपें फुटतच नाहींत. इकडे निबर पानाचा चहा हलका होऊन लिलांवांत कमी भावानें जातो, आणि कारखानदार पानाचा भाव आणखी उतरवितो. अशा रीतीनें एका हंगामाचें वजन पुढील दहा वर्षांच्या पिकांतून वजा होतें. कात्री वापरणें अगदीं भागच असेल, तर ती माथ्याच्या वरच राहील अशी बैठक तिला जोडावी, आणि मधूनमधून हातानें खुडणी करून पानांचा थर वाढूं द्यावा.

दोष केवळ शेतकऱ्याचा नव्हे. चांगल्या व वाईट पानास एकच भाव मिळत असेल तर चांगलें पान कोण खुडील ? ह्यासाठींच निलगिरींतील लहान शेतकऱ्यांनीं सहकारी चहा कारखाने काढिले. कारखाना आपला असला म्हणजे पानाची निवड करण्याचा अधिकारही आपला होतो, आणि चांगल्या चहाचा नफा चांगल्या पानापर्यंत पोंचविण्याची वाट मोकळी होते. मात्र सभासदाचें निबर पान भिडेखातर घेऊं लागलेला सहकारी कारखाना खासगी कारखान्याहून लवकर बुडतो, हेंही आपल्या संस्थांच्या अनुभवावरून वाचकांस सांगावयास नको.

आपण घ्यावयाचा बोध

द्राक्षाच्या बागाइतदारास वरील हिशेब नवा वाटणार नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी करून तो वेलास पुन्हां पानें आणूं देतो, काडींत अन्न सांठवितो, आणि मगच ऑक्टोबरांत फळाची छाटणी धरितो. कढीलिंब किंवा तुती लावणारानें तर चहाचा धडा अक्षरशः पाळण्यासारखा आहे, कारण त्यांचेंही पीक पानच आहे. कोणतेंही बहुवर्षायु झाड छाटण्यापूर्वीं तीन प्रश्न आपल्या मनास पुसावे. ह्याच्या मुळांत शिल्लक आहे काय ? छाटल्यावर उभें राहण्यापुरती ओल जमिनींत आहे काय ? आणि नवी पालवी आल्यावर तिच्यांतील किती मी झाडासाठीं राखणार ? तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं तर सुरी उचलावी. नाहीं तर ती म्यानांत राहूं द्यावी. झाडास दिलेले चार आठवडे हे फुकट गेले असें कोणी समजूं नये. ते व्याजीं लाविलेले असतात.